निमंत्रण व आमंत्रण : इंग्रजी बोलावणे आणि वऱ्हाडी आग्रह

एखाद्यास घरी बोलाविणे, आलेल्यापुढे काही ठेवून 'घ्या' म्हणणे आणि दुसऱ्याने असे म्हटले असता त्यास उत्तर देणे, हे व्यवहार इतके नित्याचे आहेत की, त्यांत अभ्यासण्याजोगे काही असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. स्वभाषेत ते आपोआप घडतात. परभाषेत मात्र तेच करण्याचा प्रसंग आला म्हणजे त्यांतील गुंतागुंत ध्यानात येऊ लागते. अमरावती वा अकोला येथील महाविद्यालयात इंग्रजी हा विषय घेऊन पदव्युत्तर अभ्यास करणारा विद्यार्थी शेक्सपिअरच्या नाटकावर चांगला निबंध लिहू शकतो. परंतु परदेशी प्राध्यापकाने 'वुड यू लाइक सम टी?' असे विचारले असता त्याने द्यावयाचे उत्तर त्याच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. तो आपल्या घरच्या वळणाने 'नो, नो' म्हणतो. प्राध्यापक 'व्हेरी वेल' म्हणून स्वतःपुरता चहा घेतो. आणि एकाच्या मनात तुसडेपणाचा व दुसऱ्याच्या मनात अनास्थेचा ग्रह निर्माण होतो. वस्तुतः दोघांनीही आपापल्या परीने सौजन्यच दाखविलेले असते. हे असे का घडते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. एक जुना भेद

ह्या प्रश्नाची गुरुकिल्ली आपल्याच व्याकरणपरंपरेत आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात (३.३.१६१) लिङ् लकाराचे, म्हणजे स्थूलमानाने आपल्या विध्यर्थाचे, अर्थ सांगताना विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न व प्रार्थना असे सहा अर्थ दिले आहेत. आज आपण निमंत्रण व आमंत्रण हे शब्द एकाच अर्थी वापरतो. मग सूत्रकाराने ते वेगळे का दिले? पतंजलीने महाभाष्यात ह्याची चर्चा केली असून तिचा निष्कर्ष असा की, जे नाकारता येत नाही, ज्यात नियोग आहे, ते निमंत्रण. आणि ज्यात बोलाविलेल्यास येण्या-न येण्याची मोकळीक, म्हणजे कामचार आहे, ते आमंत्रण. हव्यकव्याचे, म्हणजे देवकार्याचे व श्राद्धाचे बोलावणे हे निमंत्रण होय. ते अव्हेरणे हा दोष मानला जाई. काशिकावृत्तीतही हाच भेद मान्य केला आहे.

ह्या भेदातील मर्म असे की, क्रियापदाचे रूप दोन्हीकडे एकच आहे. नियोग आहे की कामचार आहे, हे रूपावरून कळत नाही. ते प्रसंगावरून व परस्परांच्या नात्यावरून कळते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य ह्याच भेदाच्या आधारे थोडक्यात मांडता येईल. सर्वसामान्य शिष्ट इंग्रजीत बोलावणे हे आमंत्रण असते, व त्यातील कामचार भाषेने उघड करून दाखवावा लागतो. वऱ्हाडात बोलावणे हे निमंत्रण असते, व त्यातील नियोग भाषेने उघड करून दाखवावा लागतो. आदर दोन्हीकडे सारखाच असतो. तो व्यक्त करण्याच्या दिशा मात्र परस्परविरुद्ध असतात. म्हणून एकीकडील सौजन्याचे शब्दशः भाषांतर दुसरीकडे असौजन्य ठरते.

२. इंग्रजी बोलावण्याची घडण

बोलणे ही केवळ माहिती देण्याची नव्हे, तर काही करण्याची रीत आहे, हा विचार जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत मांडला. ती व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या मागून जॉन सर्ल यांनी अशा भाषिक कृतींचे वर्गीकरण केले. त्यात वक्ता स्वतःस बांधून घेतो त्या कृती, उदाहरणार्थ वचन देणे, एका वर्गात येतात. व तो श्रोत्यास काही करावयास लावतो त्या कृती, उदाहरणार्थ आज्ञा वा विनंती, दुसऱ्या वर्गात येतात. निमंत्रण ह्यांपैकी कोठे बसते? 'उद्या जेवावयास या' असे म्हणणारा श्रोत्यास येण्यास सांगतो आणि त्याच वेळी स्वतःस जेवू घालण्यास बांधून घेतो. मायकेल हँचर यांनी १९७९ मध्ये दाखविले की, निमंत्रण व देऊ करणे ह्या कृती दोन्ही वर्गांच्या मिश्रणाने होतात आणि दुसऱ्याच्या स्वीकारावाचून त्या पूर्ण होत नाहीत. निमंत्रणाचा विचार एका वाक्याचा नव्हे, तर प्रश्न व उत्तर ह्या जोडीचा करावा लागतो, तो ह्याचमुळे.

आता इंग्रजीतील नेहमीची वाक्ये पाहू. 'वुड यू लाइक टु कम टु डिनर ऑन सॅटर्डे?' ह्या वाक्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, वाक्य प्रश्नार्थक आहे. म्हणजे नकारास जागा ठेवलेली आहे. दुसरी, प्रश्न श्रोत्याच्या आवडीविषयी आहे, कर्तव्याविषयी नाही. तिसरी, वार निश्चित आहे. ह्याहून अधिक भीड असेल तर 'आय वॉज वंडरिंग इफ यू वुड लाइक टु' असे भूतकाळाचे आवरण घातले जाते. येथे भूतकाळ काळाचा वाचक नसून अंतराचा वाचक आहे. विचारणारा जणू चार पावले मागे सरकून विचारतो.

पेनेलोपी ब्राउन व स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये व पुढे १९८७ च्या ग्रंथात सौजन्याची जी उपपत्ती मांडली, तीत प्रत्येक माणसाच्या मानाच्या दोन बाजू कल्पिल्या आहेत. आपणांस इतरांनी आपले म्हणावे ही एक अपेक्षा. आपल्या मोकळिकीत कोणी आड येऊ नये ही दुसरी. इंग्रजी निमंत्रणाचा कल दुसरी अपेक्षा सांभाळण्याकडे आहे. तथापि इंग्रजीत आज्ञार्थ मुळीच चालत नाही, असे मात्र समजू नये. पुढ्यात ठेवलेल्या पदार्थाबाबत 'डू हॅव सम मोअर' हा आज्ञार्थ पूर्णपणे सभ्य आहे. जेफ्री लीच यांनी १९८३ मध्ये ह्याचे कारण दिले आहे : ज्या कृतीचा लाभ श्रोत्यास होतो, तीविषयी जितके सरळ बोलावे तितके ते सभ्य ठरते, ज्या कृतीचा भार श्रोत्यावर पडतो, तीविषयी आडवळणाने बोलावे लागते. दुसरी पोळी घेण्यात पाहुण्याचा लाभच आहे. शनिवारची संध्याकाळ देण्यात मात्र त्याला काही खर्चावे लागते. म्हणून ताटावर आज्ञार्थ चालतो व दिवस मागताना प्रश्न विचारावा लागतो.

३. वऱ्हाडची रीत

वऱ्हाडात ह्याच्या उलट दिशेने प्रवास होतो. 'या जी, बसा,' 'जेवल्याशिवाय जाऊ देत नाही तुमाले,' 'उद्या जेवाले येजा' ही येथील नित्याची वाक्ये होत. त्यांत प्रश्न नाही. 'येजा', 'येजो' हे रूप विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. प्रमाण मराठीत 'या' व 'यावे' ह्या दोन रूपांवर भागते; वऱ्हाडीत पुढे करावयाच्या गोष्टीसाठी आज्ञार्थाचे हे वेगळे रूप वापरात आहे. त्यात आज्ञेची निकड नसते, पण आपलेपणाचा नियोग पुरेपूर असतो. शेवटी लागणारा 'जी' त्या नियोगास आदराची जोड देतो. म्हणजे वऱ्हाडी वक्ता मान देतो तो मोकळीक देऊन नव्हे, तर हक्क गाजवून. 'तुमची इच्छा असेल तर या' असे कोणी म्हटले तर ते येथे बोलावणेच ठरत नाही. उलट, न आलात तरी चालेल असे सुचविल्यासारखे होते.

समारंभाचे बोलावणे तर त्याहून विधिपूर्वक होते. घरोघरी अक्षत देऊन बोलाविणे, घरातील किती माणसांनी यावयाचे हे बोलावण्याच्या प्रकारावरून ठरणे, आणि सर्वांना बोलाविले असेल तर त्या दिवशी चूलच पेटवू नये अशा अर्थाने 'चूलबंद' आवतण देणे, ही खेड्यांतील परिचित पद्धती आहे. लग्नपत्रिका आज मोबाइलवरून येत असली, तरी 'सहकुटुंब, सहपरिवार', 'अगत्य येण्याचे करावे', 'आग्रहाची विनंती' ही शब्दसंहिता टिकून आहे. केवळ पत्रिका पोचली व तोंडी बोलावणे झाले नाही, तर मान राखला नाही अशी तक्रार अद्यापि ऐकू येते. पाणिनीय परिभाषेत बोलावयाचे तर पत्रिका ही आमंत्रण ठरते. दारी येऊन सांगितल्यावाचून तिचे निमंत्रण होत नाही.

४. पहिला नकार

दोन रीतींतील सर्वांत मोठा विरोध उत्तरात दिसतो. वऱ्हाडात पुढे केलेल्या वस्तूस पहिल्या झटक्यात होकार देणे हावरेपणाचे मानले जाते. म्हणून 'नाही बाप्पा, आत्ताच झाला', 'राहू द्या', 'कशाला त्रास' असे प्रथम म्हणावयाचे असते. हा नकार नव्हे. तो यजमानास आग्रहासाठी दिलेला अवसर आहे. यजमानाने पुन्हा म्हणावे, पाहुण्याने पुन्हा संकोच दाखवावा, आणि मग 'बरं, अर्धा कप' असे म्हणून उभयतांची प्रतिष्ठा राहावी, असा हा क्रम असतो. खरा नकार ओळखण्याच्या खुणा निराळ्या आहेत. रोडगे, वरण व वांग्याची भाजी अशी पंगत बसली असता 'नको, नको' ह्या शब्दांकडे वाढपी फारसे लक्ष देत नाही. पानावर हात आडवा धरला म्हणजे मात्र तो थांबतो. 'उपास आहे' हे कारणही एका शब्दात मान्य होते. कारण त्यात यजमानाचा अव्हेर नसतो.

इंग्रजीत पहिला नकार हा बहुधा अखेरचा असतो. मोकळीक दिली, तिचा उपयोग पाहुण्याने केला. आता पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखविणे, असा तेथील समज. परंतु हा नियमही आंधळेपणाने लावता कामा नये. ज्यूडी डेव्हिडसन यांनी १९८४ मध्ये इंग्रजी संभाषणांचे पृथक्करण करून दाखविले की, नकार दुबळा वाटला वा उत्तरास विलंब झाला, तर इंग्रजी बोलणाराही बोलावणे थोडे बदलून पुन्हा मांडतो. फरक आग्रहाच्या अस्तित्वाचा नसून मात्रेचा व खुणांचा आहे. तसेच वऱ्हाडची रीत जगावेगळी आहे असेही नव्हे. चिनी भाषेतील अशा औपचारिक नकाराचा अभ्यास चेन व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. इराणात 'तआरोफ' ह्या नावाने हीच प्रथा प्रसिद्ध आहे.

शब्दांच्या पातळीवर सर्वांत अधिक घोटाळा 'नको' हा शब्द करतो. मराठीत 'नाही' व 'नको' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. 'नको' हा वस्तूस वा कृतीस नकार देतो व तो सौम्यपणे उच्चारता येतो. इंग्रजीत त्यास प्रतिशब्द नाही. म्हणून विद्यार्थी 'आय डोन्ट वॉन्ट' असे म्हणतो आणि ते इंग्रजी कानाला झिडकारल्यासारखे लागते. तेथे 'नो, थँक यू' हे एकसंध उत्तर आहे. त्यातील उत्तरार्ध गाळला तर पूर्वार्ध उद्धट होतो. त्याचप्रमाणे 'चहा पाहिजे का?' ह्याचे 'डू यू वॉन्ट टी?' हे भाषांतर परक्या पाहुण्यास रोखठोक वाटते, 'का नाही!' हा आपला उत्साही होकार 'व्हाय नॉट?' असा उतरला म्हणजे दुसरे काही करण्यासारखे नाही म्हणून येतो, अशी छटा त्यास येऊ शकते. आणि 'पाहतो', 'प्रयत्न करतो' हे आपले सौम्य नकार 'आय विल ट्राय' असे झाले की, समोरचा मनुष्य होकार समजून पान मांडून ठेवतो.

इंग्रजी नकाराची रीतसर घडण चार भागांची असते : प्रथम बोलावण्याविषयी आनंद, मग न येता येण्याविषयी खेद, मग एक ठोस कारण, आणि शेवटी जमल्यास दुसऱ्या वेळेची सूचना. 'दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू. आय'म अफ्रेड आय कान्ट, आय हॅव अ क्लास ऑन सॅटर्डे. कुड वुई मेक इट अनदर डे?' ह्यात नकार निःसंदिग्ध आहे, पण नात्यास बाधा येत नाही. आपणांस ह्यात अंगी बाणवावयाचे आहे ते सौजन्य नव्हे, ते आपल्याजवळ आहेच. अंगी बाणवावयाची आहे ती निःसंदिग्धता.

५. दाखल्यापुरते बोलावणे

ह्यावरून इंग्रजीतील प्रत्येक बोलावणे खरेच असते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. 'यू मस्ट कम ओव्हर सम टाइम' हे वाक्य ऐकून आपला विद्यार्थी वाट पाहू लागतो, कारण 'मस्ट' ह्या शब्दात त्याला ओळखीचा नियोग ऐकू येतो. एलन आयझॅक्स व हर्बर्ट क्लार्क यांनी १९९० मध्ये अशा दाखल्यापुरत्या बोलावण्यांची लक्षणे नोंदविली आहेत. वेळ व स्थळ मोघम असते, बोलावणारा आग्रह करीत नाही, आणि येणे अशक्य आहे हे उभयतांस ठाऊक असतानाही बोलाविले जाते. ही फसवणूक नव्हे. 'आपले संबंध चांगले आहेत' एवढेच त्यातून कळवावयाचे असते. म्हणून इंग्रजीत खरेपणाची कसोटी क्रियापदाच्या जोरात नसून तपशिलात आहे. ज्या बोलावण्यात वार, वेळ व ठिकाण आहे, ते खरे.

तपशिलाची ही कसोटी आपल्या भूमीस परकी आहे असेही नव्हे. अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. भागवताच्या दशम स्कंधात तिने श्रीकृष्णास ब्राह्मणाहाती पाठविलेला सात श्लोकांचा निरोप आहे. त्यात प्रार्थना आहे, स्तुती आहे. पण त्याचबरोबर विवाह उद्या आहे, आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा निघते व त्या वेळी वधू नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनास जाते, असा चोख तपशीलही आहे. नियोग व तपशील ह्यांचा असा मेळ घालता येतो, हे विदर्भकन्येच्या ह्या निरोपावरून दिसते.

६. लेखी व्यवहार

विभागाच्या पत्रव्यवहारात ह्या विवेचनाचा प्रत्यक्ष उपयोग आहे. इंग्रजी औपचारिक निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी 'आर. एस. व्ही. पी.' ही अक्षरे असतात. ती 'कृपया उत्तर द्यावे' ह्या अर्थाच्या फ्रेंच वाक्याची आद्याक्षरे होत. आपल्या लग्नपत्रिकेत उत्तराची अपेक्षा नसते, कारण न येण्याची कल्पनाच तीत गृहीत धरलेली नसते. ही सवय मनात असल्यामुळे आपण इंग्रजी पत्रासही उत्तर देण्याचे टाळतो. जावयाचे असेल तर जाऊ, नसेल तर मौन. लिहिणाऱ्यास मात्र मौन हा नकाराहून अधिक अनादर वाटतो.

उलट बाजूने, परगावच्या विद्वानास व्याख्यानासाठी बोलाविताना आपण 'काइंडली ग्रेस द ऑकेजन', 'काइंडली मेक इट कन्व्हीनियंट टु अटेंड' असे लिहितो. ही 'येण्याचे करावे' ह्याच वळणाची इंग्रजी रूपे आहेत, आणि भारतीय वाचकांपुरती ती सुबोध व आदरयुक्तच आहेत. त्यांस चुका म्हणण्याचे कारण नाही. पण पत्र भारताबाहेर जावयाचे असेल, तर आदराची विशेषणे कमी व तपशील अधिक हवा : विषय कोणता, श्रोते कोण, व्याख्यान किती वेळाचे, प्रवास व निवास ह्यांचा खर्च कोण करणार, आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे. 'वुई वुड बी डिलायटेड इफ यू कुड' ह्या एका वाक्यात आदर पुरेसा व्यक्त होतो. उरलेला आदर तपशिलाने व्यक्त करावयाचा असतो.

७. अध्यापनाचा प्रश्न

जेनी थॉमस यांनी १९८३ मध्ये एक महत्त्वाचा इशारा दिला. परभाषिकाची व्याकरणाची चूक ऐकणाऱ्यास चूक म्हणूनच कळते. पण भाषाव्यवहाराची चूक त्याला चूक म्हणून कळत नाही, ती स्वभावदोष म्हणून कळते. 'ही गोज' ऐवजी 'ही गो' म्हणणाऱ्याला इंग्रजी कमी येते असे लोक म्हणतात. 'आय डोन्ट वॉन्ट' म्हणणाऱ्याला मात्र माणुसकी कमी आहे असे म्हणतात. शिवाय जितके व्याकरण शुद्ध, तितका हा दुसरा ग्रह पक्का होतो. आपल्या परीक्षा पहिल्या प्रकारच्या चुका मोजतात, दुसऱ्या प्रकारच्या नाहीत. संशोधनासाठी वा नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या वऱ्हाडी विद्यार्थ्याचे नुकसान बहुधा दुसऱ्या प्रकारानेच होते.

ह्यावर उपाय म्हणून सभ्य वाक्यांची यादी पाठ करविणे पुरेसे नाही. वाक्य कोणत्या क्रमात येते, हे शिकविले पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी वर्गात सहज करता येतील. पहिली, विद्यार्थ्यांनी आपल्या घरी पाहुणा आला असता होणारे संभाषण वऱ्हाडीत जसेच्या तसे लिहून काढावे व आग्रह किती वेळा होतो आणि खरा नकार कोणत्या शब्दाने वा खुणेने कळतो, हे त्यात दाखवावे. दुसरी, तोच प्रसंग इंग्रजीत मांडताना किती वाक्ये गाळावी लागतात व कोणती नवी घालावी लागतात, ह्याची तुलना करावी. तिसरी, एकच उत्तर दोन्ही पक्षांना कसे ऐकू येईल, हे प्रत्येकाने दोनदा लिहावे. ह्या अभ्यासातून वऱ्हाडी बोलीच्या व्यवहाराची नोंदही आपोआप जमा होईल. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडीचे नमुने व व्याकरणविशेष आले आहेत; बोलावण्याच्या व आग्रहाच्या रीती अशा पद्धतीने नोंदविणे, हे त्या कामास जोडून घेण्यासारखे आहे.

एका गोष्टीचा मात्र विसर पडू नये. इंग्रजीची रीत शिकणे म्हणजे आपली रीत टाकणे नव्हे. अकोल्याच्या घरी आलेल्या पाहुण्यास एकदाच विचारून थांबणे, हे इंग्रजी शिष्टाचाराचे पालन ठरत नसून आपल्या पाहुण्याचा अवमान ठरेल. कोणत्या भाषेत बोलत आहोत, एवढ्यावरच हे ठरत नाही. कोणाशी बोलत आहोत, ह्यावरही ठरते. परदेशी अभ्यासक आपल्या पंगतीस बसला, तर आग्रह दोनदा करून तिसऱ्यांदा थांबावे, व पानावर हात आडवा धरण्याची खूण त्यास आधीच सांगून ठेवावी. नियोग केव्हा व कामचार केव्हा, हे ओळखून दोन्ही रीती हाताळता येणे, ही द्वैभाषिकाची खरी योग्यता होय. आणि ती संपादन करण्यास लागणारी सामग्री आपल्या घरांतून व आपल्या व्याकरणपरंपरेतून आपणांस आयतीच उपलब्ध आहे.